फटफटीचा आवाज आणि घरातली झोप

मोटारसायकल आपल्या भागात नवी होती, तेव्हा लोकांनी तिला नाव दिले ते तिच्या आवाजावरून : फटफटी. आज सत्तरी ओलांडलेल्या वाचकांना राजदूत, जावा, येझदी आणि बुलेट यांचे आवाज अजून वेगवेगळे आठवत असतील. संध्याकाळी अंगणात बसल्या बसल्या, नुसत्या आवाजावरून ग्रामसेवक आले की डॉक्टर, हे सांगता येई. तेव्हा गाडीच्या आवाजाची आवड हा आजच्या पोरांचा नवाच रोग आहे, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. फरक इतकाच, की तेव्हा गावात अशा चार-पाच गाड्या होत्या आणि रात्री नऊनंतर त्याही झोपत.

आज मूलसारख्या तालुक्याच्या गावी चित्र निराळे आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या ठिकाणांना जोडणारा रस्ता गावातून जातो. आजूबाजूला धानाची शेती, गावात राईस मिल आणि जवळजवळ प्रत्येक घरासमोर एक तरी मोटारसायकल. ही गाडी घेतल्यानंतर महिन्याभरात अनेक तरुण एक गोष्ट करतात. कंपनीने दिलेला सायलेंसर काढतात आणि बाजारातला दुसरा बसवतात. कुणी इंदोरी, कुणी पंजाबी, कुणी शॉर्ट बॉटल, डॉल्फिन किंवा गोल्डस्टार. ज्यांना तेवढा खर्च परवडत नाही ते मूळ सायलेंसरमधलीच जाळी काढून टाकतात. सगळ्यांना मिळून लोकांनी एकच शब्द ठेवला आहे, पुंगळी.

विचारले तर नातू तीन कारणे सांगतो. गाडी जास्त पळते, आवाज भारदस्त येतो आणि दिसायला छान दिसते. ही तिन्ही कारणे आपण गंभीरपणे तपासली पाहिजेत. ज्या आजोबांना यंत्रातले काही कळत नाही त्यांचे म्हणणे नातू ‘म्हातारपणाची कुरकुर’ म्हणून कानाआड करतो. यंत्राची भाषा थोडी बोलता आली, तर तोच नातू थांबून ऐकतो.

गाडी खरेच जास्त पळते का?

इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचा लहान स्फोट होतो आणि जळलेला वायू मोठ्या दाबाने बाहेर पडतो. एका सिलिंडरची बुलेट जागेवर उभी असताना मिनिटाला साधारण हजार फेरे घेते. चार टप्प्यांच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक स्फोट, म्हणजे सेकंदाला आठ स्फोट. ‘डुग डुग’ असा जो ठेका ऐकू येतो तो हाच. सायलेंसरच्या आत कप्पे आणि छिद्रांच्या नळ्या असतात, काहींत काचेच्या धाग्यांचे अस्तरही असते. ध्वनीच्या लाटा या कप्प्यांत आपटून परततात, एकमेकींना छेदतात आणि बऱ्याच अंशी आतच विरून जातात. वायू मात्र वाट काढत बाहेर निघून जातो.

‘सायलेंसर मोकळा केला की गाडी श्वास घेते’ हा समज कोठून आला, हे ज्येष्ठ वाचकांना ठाऊक असेल. राजदूत आणि येझदी ही दोन टप्प्यांची, पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारी इंजिने. जळलेल्या तेलाची काजळी सायलेंसरच्या जाळीत साठे, गाडी ओढेनाशी होई. मग मिस्त्री जाळी काढून, भाजून, झटकून पुन्हा बसवीत आणि गाडी नव्यासारखी पळे. त्या इंजिनांच्या बाबतीत हे खरेच होते. आजची गाडी चार टप्प्यांची आहे. तिच्या इंधनात तेल मिसळलेले नसते आणि तिचा सायलेंसर तसा तुंबत नाही. म्हणजे काकांनी पुतण्याला शिकवलेला तो जुना अनुभव गाडी बदलली तरी तसाच पुढे चालत आला. यात थोडी जबाबदारी आपल्या पिढीकडेही येते.

शर्यतीच्या गाड्यांत निकास नळीचा खरा उपयोग होतो, हे मान्य केले पाहिजे. तेथे इंजिनापासून टोकापर्यंत संपूर्ण नळी बदलतात, हवेची जाळी बदलतात, इंधन किती आणि केव्हा जावे याचे गणित नव्याने मांडतात. तेव्हा इंजिन अतिशय वेगाने फिरत असताना काही शक्ती वाढते. आपल्याकडे यांपैकी फक्त शेवटचा डबा बदलला जातो. नव्या ३५० सीसी बुलेटची शक्ती सुमारे २० अश्वशक्ती. तिचा नुसता मागचा डबा बदलून पडणारा फरक हाताला जाणवण्याइतका नसतो. उलट नळी गरजेपेक्षा रुंद झाली, की इंजिन हळू फिरत असताना वायूचा वेग मंदावतो आणि गाडीची ओढ कमी होते. मागे धानाचे पोते बांधून शेताच्या बांधावरून गाडी काढताना याच ओढीची गरज असते.

मग नातवाला गाडी पळाल्यासारखी का वाटते? कारण ती ओरडते. मोठा आवाज ऐकला की वेग वाढल्याचा भास होतो. त्याच रस्त्यावर, त्याच माणसाला मागे बसवून, दोन्ही सायलेंसर लावून घड्याळ लावले, तर हा भास उतरतो. एखाद्या रविवारी हा प्रयोग त्याला करू द्यावा. उपदेशापेक्षा घड्याळाचे तो नक्की ऐकेल.

भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे मानक १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यानंतरच्या गाड्यांत निकास नळीमध्ये विषारी वायूंचे रूपांतर करणारा एक भाग असतो आणि प्राणवायू मोजणारा संवेदक असतो. नळी बदलताना यांपैकी एखादा निकामी झाला किंवा काढूनच टाकला, तर इंजिनाचा हिशेब चुकतो, इंजिन तापते, ॲव्हरेज घटते. गाडी उतारावर असताना किंवा चावी बंद-चालू करून जे ‘फटाके’ फोडतात, ते म्हणजे न जळालेले पेट्रोल तापलेल्या नळीत जाऊन पेटणे होय. पैसे देऊन भरलेले पेट्रोल आवाजासाठी जाळण्याचाच हा प्रकार.

येथे आरोग्याची एक गोष्ट सांगून पुढे जातो. पुष्कळ घरांत गाडी रात्री पडवीत किंवा ओसरीत, झोपलेल्या माणसाच्या खाटेपासून हातभर अंतरावर ठेवतात आणि पहाटे तेथेच सुरू करून तापवतात. या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. हृदयविकार किंवा दमा असलेल्या व्यक्तीला त्याचा त्रास इतरांपेक्षा लवकर होतो. गाडी कोणतीही असो, सायलेंसर कोणताही असो, ती ढकलत रस्त्यावर नेऊनच सुरू करावी.

आवाजाचा हिशेब

आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि या मापाचा स्वभाव फसवा आहे. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो आवाज सुमारे दुप्पट वाटतो. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारसायकलीला आपल्याकडे मर्यादा आहे. ८० ते १७५ सीसीच्या गाडीला ७७ डेसिबल, त्याहून मोठ्या गाडीला ८०. हे मोजमाप गाडीपासून साडेसात मीटरवर घेतात. अंतर दुप्पट झाले की उघड्यावर साधारण ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे नियमात बसणाऱ्या मोठ्या गाडीचा पूर्ण जोरातला आवाज तीस मीटरवरच्या घरापाशी ६८ च्या आसपास राहील. जाळी काढलेली गाडी हीच सुरुवात कितीतरी वरून करते. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपासाठी दिलेल्या मार्गदर्शनात रस्त्यावरच्या रहदारीसाठी रात्रीचा हाच आकडा सुचवला आहे.

या आकड्यात एक खाच आहे. नियमातला आकडा काही काळाची सरासरी असतो. रात्री दीड वाजता वीस सेकंदांत निघून गेलेली एक गाडी या सरासरीत बुडून जाईल, कागदावर उरणारही नाही. आपले हृदय मात्र सरासरी काढत बसत नाही. ते त्या वीस सेकंदांना उत्तर देते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो आणि कित्येकदा माणूस जागा न होताही हे घडते. झोपेत रक्तदाब काहीसा उतरावा ही शरीराची रोजची सोय. रात्रीच्या गोंगाटाने ती मोडते आणि वर्षानुवर्षे मोडत राहिली तर रक्तदाबाच्या व हृदयाच्या विकारांना हातभार लागतो, असे युरोपात विमानतळ आणि रस्त्यांजवळ राहणाऱ्या लोकांच्या अभ्यासांतून पुढे आले आहे.

वयपरत्वे गाढ झोपेचा वाटा आपोआप कमी होतो. त्यामुळे तरुण ज्या आवाजाला कूस बदलतो, त्याच आवाजाला वृद्ध माणूस उठून बसतो आणि पुन्हा झोप लागायला त्याला तास लागतो. मग तो लघवीला उठतो. अंधारात, डोळ्यांत झोप, पायात तोल नाही. घरात पडून खुब्याचे हाड मोडणे हे प्रकरण अशाच एखाद्या रात्री सुरू होते.

पुष्कळदा घरातले म्हणतात, “बाबांना तर ऐकूच येत नाही, त्यांना काय त्रास?” हा समज चुकीचा आहे. वयाने येणाऱ्या बहिरेपणात बारीक, वरच्या पट्टीचे ध्वनी आधी जातात, म्हणून बोलण्यातली व्यंजने कळत नाहीत. बुलेटचा ठोका खालच्या पट्टीचा असतो आणि तो पुष्कळ काळ ऐकू येत राहतो. शिवाय अशा कानांत एक विचित्र गोष्ट घडते. हळू आवाज ऐकू येत नाही, पण आवाज थोडा वाढला की एकदम असह्य वाटतो. “हळू का बोलतोस?” आणि “ओरडतोस कशाला?” ही दोन्ही वाक्ये एकाच मिनिटात येतात ती यामुळे. ते आजोबांचे चिडकेपण समजू नये. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला तर अचानक आलेल्या फटाक्यासारख्या आवाजाचा अर्थच लागत नाही. ती घाबरते, उठून चालू लागते, कधी अंगावर येते. तिला शांत करण्यात सुनेचे किंवा मुलीचे दोन तास जातात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलणाऱ्या सेवेकऱ्याची झोप आधीच तुकड्यांची असते. त्या तुकड्यावर गाडी जाते.

पक्की भिंत आणि बंद खिडकी हा शहरातला उपाय आपल्याकडे उन्हाळ्यात उपयोगाचा नाही. चंद्रपूरचा मे महिना सर्वांना माहीत आहे. पारा ४५ च्या वर असताना लोक अंगणात, गच्चीवर झोपतात. घरात झोपावे तर कूलरसाठी खिडकी उघडी लागते. वर्षातला सर्वांत कठीण काळ आणि सर्वांत उघडी झोप एकाच वेळी येतात.

पॅरिसमध्ये ध्वनी मोजणाऱ्या ब्रुईपारिफ या संस्थेने मांडलेला एक अंदाज मला फार बोलका वाटतो. सायलेंसर बदललेली एक स्कूटर रात्री शहर ओलांडून गेली तर दहा हजार माणसांची झोप मोडू शकते. तेथे २०२२ पासून आवाज टिपणारे यंत्र रस्त्यावर लावून पाहिले गेले. मूलला दहा हजार माणसे एका रस्त्यावर राहत नसतील, पण एका गल्लीत रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी किती असतील हे औषधाच्या दुकानदाराला विचारावे.

आणि ज्याला हे सर्व ऐकवायचे त्याच्या कानांचे काय? ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास काम करणे ही कारखान्यांसाठी सुचवलेली सुरक्षिततेची सीमा आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९१ ला दोन तास, १०० ला अवघी पंधरा मिनिटे. नातू मूलहून चंद्रपूरला गाडीने जातो, परत येतो. कानात शिटी वाजल्यासारखे होते, असे त्याने कधी म्हटले असेल तर ते विसरू नये. आतल्या कानाच्या पेशी गेल्या की परत उगवत नाहीत.

जंगलाच्या भागात आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो. मूलचे जंगल ताडोबाच्या बफर क्षेत्रात येते. रात्रीच्या रस्त्यावर मोठ्या आवाजाने जनावर दूर पळते, असे तरुण सांगतात. निकास नळीचे तोंड मागे असते आणि तिचा आवाज समोरच्यापेक्षा मागच्याला अधिक ऐकू येतो. शिवाय बिचकलेले रानडुक्कर किंवा चितळ कोणत्या बाजूला उडी घेईल याचा नेम नसतो. तेथे उपयोगी पडतो तो चांगला दिवा आणि कमी वेग.

चमकणारी नळी आणि पोटरी

दिसण्याच्या हौसेबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तरुणाने गाडी सजवावी. काही बाजारी सायलेंसर खरेच हलके आणि देखणे असतात. पण मूळ सायलेंसरवर असलेले उष्णतारोधक पत्र्याचे आवरण पुष्कळदा नव्या नळीवर नसते. नळी बसवण्यासाठी मागच्या माणसाचा पायटा किंवा साडीगार्डही काढून टाकतात. मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पायटा आणि चाकाचे आवरण असलेच पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमच आहे. आजी दवाखान्यात जातात त्या याच गाडीवर, साडी सावरत, एका बाजूला बसून. त्यांचे पाय टेकायचे कोठे?

सायलेंसरचा चटका हा आपल्याकडे इतका नेहमीचा अपघात आहे, की कुणी त्याला अपघात म्हणत नाही. बहुतेक गाड्यांत नळी उजव्या बाजूला असते, म्हणून ज्येष्ठांनी डाव्या बाजूनेच चढावे आणि उतरावे. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीला पोटरी भाजल्याचे घरी पोहोचेपर्यंत कळत नाही, आणि अशी जखम महिनोन्‌महिने भरत नाही. चटका बसल्यास वाहत्या साध्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे पाय धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून, मधुमेही व्यक्तीला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, जखम लहान असली तरी.

आरसी बुकावर नाव कुणाचे?

अनेक घरांत गाडी आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असते आणि फिरवतो नातू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. असा बदल केल्यास कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कलम १९०(२) आवाज आणि धुराच्या मानकांबद्दल आहे. त्यात पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वाहन परवाना तीन महिने अपात्र, अशी तरतूद आहे. गाडी चालवणारा अठरा वर्षांखालचा असेल तर कलम १९९अ पालकाला आणि मालकालाच दोषी धरते. तेथे शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड अशी आहे. नागपूर, पुणे, मुंबई येथे पोलिसांनी जप्त केलेले सायलेंसर रस्त्यावर रांगेत मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे वाचकांनी पाहिली असतील. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने तर जुलै २०२१ मध्ये अशा सायलेंसरांच्या गोंगाटाची स्वतःहून दखल घेतली. गोंगाटाविना आपल्या घरात शांतपणे राहता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणावरील १८ जुलै २००५ च्या निकालात आधीच मान्य केले होते.

दवाखाना, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून राखता येतो आणि तेथे रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. शेजारच्या गाडीचा रोजचा त्रास असेल तर आधी त्या घरातल्या ज्येष्ठांशी बोलावे. न जमल्यास गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवून पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. रात्री तातडीसाठी ११२ आहे.

कायद्याचा धाक दाखवून घरातली गोष्ट सुटते, असे मात्र मला वाटत नाही. मूलमधल्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी वेगळेच गुपित निघाले. नातवाने सायलेंसर बदलल्यापासून आबाजींना झोप नव्हती. पुष्कळ बोलणी झाली, अखेर मुलाने मूळ सायलेंसर परत बसवला. तरीही आबाजी जागेच. नातवाने वैतागून विचारले, “आबाजी, आता काय झालं?” ते म्हणाले, “पहिले तू मिलपाशी वळला का मला कळत होतं. आता तू आला का नाही, हेच समजत नाही.” त्या आवाजाने त्यांची झोप मोडत होती आणि पोर सुखरूप आल्याची खूणही तोच आवाज देत होता. त्या घरात आता एक साधी रीत पडली आहे. पोरगा कितीही वाजता आला तरी आबाजींच्या खाटेला हात लावून जातो.

पुष्कळ घरांत आजी-आजोबांची तक्रार आवाजाची असते, पण भीती वेगाची आणि उशिराची असते. ती भीतीच आधी बोलून दाखवावी. मग यंत्राचे गणित सांगावे, मग स्वतःच्या रक्तदाबाची वही उघडून दाखवावी. चारचौघांत, त्याच्या मित्रांसमोर बोलू नये. हौस पुरवायचीच असेल तर रंग, आसन, आरसे यांवर करता येते. काही उत्पादक आपल्या अधिकृत जोडवस्तूंत मर्यादेत बसणारे सायलेंसरही ठेवतात. घेताना पावतीवर तसे लिहून घ्यावे.

काढलेला मूळ सायलेंसर भंगारात देऊ नये, ही सूचना नातवाला पहिल्याच दिवशी द्यावी. तो पोत्यात गुंडाळून, दोन्ही तोंडे कापडाने बंद करून कोरड्या जागी ठेवला तर गंजत नाही आणि त्यात पाली-उंदीर शिरत नाहीत. परत बसवताना मिस्त्रीला जोडावरचे गॅस्केट नवे टाकायला सांगावे. जुने गॅस्केट दाबले गेलेले असते आणि त्यातून वायू गळतो. गाडी सुरू केल्यावर जोडापाशी ‘फुस्स फुस्स’ असा आवाज येतो का, हे कान देऊन ऐकावे. येत असेल तर गाडी थंड झाल्यावर जोड पुन्हा आवळून घ्यावा.